जात्र्या पुजाऱ्यासाठी प्रार्थना

शनिवारी सकाळी सात वाजता कांचनमावशींचा फोन वाजायचा. टेक्सासमधल्या प्लेनोतल्या त्या मोठ्या घरात तेव्हा कुणी उठलेलं नसायचं. मुलगा देवदत्त आणि सून रेणू आठवडाभर ऑफिसात राबून दमलेली, नात अनया शिकायला ॲन आर्बरला गेलेली. मावशी मात्र पहाटेच अंघोळ उरकून, पातळ नेसून, फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेल्या असायच्या. पलीकडे सातपुड्यातल्या भुरीमाळ गावी तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. गावात रेंज नाही. म्हणून त्यांचा भाऊ जात्र्या, सत्तरी गाठलेला माणूस, मुलाचा मोबाईल फडक्यात बांधून टेकडीवरच्या खडकापर्यंत चढायचा. फोन कसा लावायचा ते त्याला सुनेने शिकवलं होतं. आधी हिरवं चित्र दाबायचं, मग म्हातारीचा फोटो दाबायचा. म्हातारी म्हणजे मावशी.

"रुमली, जेवलीस?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"अरे, इथे आत्ता कुठे उजाडलंय."

"मग काल जेवलीस का?"

रुमली हे मावशींचं जन्माचं नाव. त्या नावाने हाक मारणारा आता जगात एकच माणूस उरला होता, आणि तोही मधली चाळीस वर्षं बोलत नव्हता. सतराव्या वर्षी तापाने फणफणलेल्या रुमलीला याच भावाने झोळीत घालून, दोन दिवस डोंगर उतरून मिशनच्या दवाखान्यात आणलं होतं. ती वाचली. दवाखान्यातच आया म्हणून राहिली, पुढे बाप्तिस्मा घेतला, कांचन झाली, तिथल्याच कंपाउंडरशी लग्न केलं. चाळिशी उलटल्यावर बायबल वाचता यावं म्हणून अक्षरंही शिकली, आणि नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत आली. लग्नाची बातमी डोंगरावर पोचली तेव्हा जात्र्या एकदाच खाली आला. फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, "म्हणजे मी तुला वाचवायला नाही, घालवायला खाली आणलं म्हणायचं." आणि पाठ फिरवून गेला. तो पावरा लोकांचा पुजारा. गावची होळी पेटवायचा मान बापाकडून त्याच्याकडे आलेला. त्याची बहीण देव बदलते म्हणजे काय!

तीन वर्षांपूर्वी त्याचं मन कसं वळलं कोण जाणे. प्रल्हाद नावाचा एक मराठी सेवक भुरीमाळच्या खालच्या पाड्यावर झोपडी बांधून उपासना घ्यायचा. त्याच्याकडून जात्र्याने मावशींचा नंबर मागून घेतला. तेव्हापासून शनिवार चुकला नाही. मावशींचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा. मधले सहा दिवस म्हणजे नुसता फ्रीजचा आवाज.

आता दुसऱ्या शनिवारचं सांगायचं, म्हणजे त्याच दिवशी दुपारी चार वाजता जे असायचं त्याचं.

प्लेनोत मराठी ख्रिस्ती कुटुंबं नऊ. एका अमेरिकन चर्चने त्यांना पार्किंगच्या मागची खोली दिली होती. तिथे दर शनिवारी प्रार्थनामंडळ भरायचं. दूरदूरच्या डोंगरांत, बेटांवर, जंगलांत जे सेवक काम करतात, जिथे मंडळ्या नुकत्या उभ्या राहताहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, हे या मंडळाचं काम. प्रत्येक कुटुंबाला महिन्याला एक कार्ड मिळायचं. त्यावर एका जमातीचं नाव, एक फोटो, तीन विनंत्या. ते कार्ड घरी फ्रीजला लावायचं आणि येताजाता दोन वाक्यं देवाशी बोलायची. मंडळाचे वडील अरुणकाका, भूल देणारे डॉक्टर, पंचेचाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, आता रिटायर. देवदत्त मंडळाचा सेक्रेटरी. महिन्याचं प्रार्थनापत्र तोच लिहायचा. ते फ्रीमाँटला, ॲन आर्बरला, जिथे जिथे अशी मंडळं होती तिथे जायचं.

शेवटची प्रार्थना मावशींची, तीही पावरी बोलीत. ही तिथली रीतच पडून गेली होती. समजायची कुणालाच नाही, पण डोळे सगळ्यांचे ओले व्हायचे. "मावशींचं ऐकलं की डोंगरात उभं राहिल्यासारखं वाटतं यार," असं एक जण म्हणाला होता. खरं सांगायचं तर मावशी पुष्कळदा एवढंच म्हणत, "देवा, माझे गुडघे सांभाळ, जात्र्याचा खोकला सांभाळ, आणि या लेकरांना सुखाची झोप दे." त्यावर खोलीभर आमेन व्हायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जात्र्या आधी खूप खोकला. मग म्हणाला, "पोरगी नऊ दिवस तापात होती."

"कोण? नात?"

"हां. मला येतं ते सगळं केलं. कोंबडा दिला, डोंगरावर जाऊन बोललो. उतरेना. मग सून तिला उचलून प्रल्हादच्या झोपडीत घेऊन गेली. मी मागनं गेलो."

"मग?"

"बाहेर उभा राहिलो. मग आत गेलो. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. मीही मिटले. का ते विचारू नको."

मावशी फोन घेऊन उभ्याच राहिल्या.

"दुसऱ्या दिवशी उतरला," जात्र्या म्हणाला. "रुमली, हे तुझ्या पोटात ठेव."

"ठेवते रे."

आणि मावशींनी ठेवलंही. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत, चांगले नऊ तास ठेवलं.

चार वाजता अरुणकाकांनी विचारलं, "कुणाची प्रार्थनाविनंती?" तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला. आता यात मावशींचा दोष म्हणावा तर आहे, नाही म्हणावं तर नाही. प्रार्थनेत सांगितलं म्हणजे देवाला सांगितलं, माणसाला नव्हे, असं त्या खोलीत सगळेच धरून चालायचे. कुणाची नोकरी जाणार असली, कुणाच्या मुलीचं लग्न मोडत आलं असलं, तरी बाहेर जे ओठाबाहेर पडणार नाही ते तिथे सहज पडायचं. मावशीही सांगून गेल्या. झोपडी, ताप, मिटलेले डोळे, सगळं. सांगताना रडल्या. चाळीस वर्षं ज्या भावासाठी गुडघे टेकले तो एक पाऊल आत आला होता; कुठलं पोट ते ठेवून घेईल!

अरुणकाका उठून उभेच राहिले. "प्रभूची स्तुती असो! देवदत्ता, हे पत्रात आलंच पाहिजे."

आणि आलं. देवदत्तचा हात लिहिता होता, मन भरलेलं होतं. पत्राचा मथळा होता, 'भुरीमाळचा पुजारा येशूच्या दारी'. खाली होळीच्या सजावटीतला जात्र्याचा फोटो, प्रल्हादने कधीतरी पाठवलेला. खाली विनंती: जात्र्या पुजारा यांनी येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घ्यावा म्हणून प्रार्थना करा. बाप्तिस्म्याचं मावशी बोलल्याच नव्हत्या. ते देवदत्तच्या आशेने घातलं होतं.

पत्र फ्रीमाँटला गेलं. फ्रीमाँटहून कुणाच्या तरी मावसभावाला नंदुरबारला गेलं. त्याने ते स्टेटसला ठेवलं. तालुक्याच्या एका शिंप्याने ते बघितलं. टेक्सासपासून सातपुड्यापर्यंत सगळा प्रवास आठ दिवसांत झाला. तेवढ्या वेळात पूर्वी भुरीमाळहून दवाखान्यात दोन वेळा खाली-वर करता आलं असतं.

त्यानंतरच्या शनिवारी फोन सातला नाही, साडेसातला वाजला. "जेवलीस" नाही, काही नाही.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"मी फक्त प्रार्थनेत..."

"माझा फोटो आहे. माझं नाव आहे. शिंप्याने वाचून दाखवलं बाजारात. पंच घरी आले होते. म्हणाले, तू जर तिकडचा झालास तर होळीला हात लावायचा नाही. आणि तुझ्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. पोरांची लग्नं कुठे करशील ते तूच बघ. प्रल्हादलाही सांगितलंय, वर यायचं नाही."

"जात्र्या, मी सांगते त्यांना. मी खोडून काढायला लावते."

"खोडून काढ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नाश्त्याला देवदत्त खाली आला तेव्हा मावशी टेबलाशी ताठ बसल्या होत्या. "ते पत्र परत घे."

"आई, पत्र कसं परत घेणार? सेंड झालं की झालं."

"मग दुसरं लिही. हे खोटं आहे म्हणून लिही."

देवदत्त कॉफी ओतता ओतता थांबला. "पण खोटं कुठे आहे? मामा झोपडीत गेला होता ना?"

"गेला होता."

"डोळे मिटले होते ना?"

"मिटले होते. पण बाप्तिस्मा कुठून काढलास तू?"

"ती विनंती आहे आई, न्यूज नाही," तो म्हणाला, पण कान लाल झाले. "ओके, ते जरा जास्त झालं. सॉरी. पण देवाने केलेलं काम झालंच नाही असं कसं लिहू? दीडशे लोक त्यासाठी प्रार्थना करताहेत."

रेणू जिन्यावरून उतरत होती. "देव, निदान नाव तरी काढायचं होतंस. आईंच्या भावाचं गाव आहे ते, स्टार्टअपची अनाउन्समेंट नाही."

"आता काय उपयोग बोलून?" देवदत्त म्हणाला. "दुपारी मंडळात सांगू. प्रार्थना करू."

दुपारी त्याने खरंच सांगितलं, पंच आले, धमकी दिली, प्रल्हादला बंदी केली. खोलीत सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले, आणि त्या गंभीरपणाखाली एक तेज चढलं. छळ सुरू झाला म्हणजे काम खरं आहे, असं प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेलं. अरुणकाकांनी साखळी उपास जाहीर केला. तातडीचं पत्र निघालं: 'जात्र्यांसाठी उभे राहा'. मावशी हात वर करून "थांबा, थांबा" म्हणाल्या, तर शेजारच्या बाईने तो हात प्रेमाने धरून ठेवला आणि त्यांच्यासाठीच प्रार्थना सुरू केली. दलदलीत रुतलेल्या माणसाने जितके पाय मारावे तितकं आत जावं, तसं होऊन बसलं.

सोमवारी देवदत्त-रेणू कामावर गेल्यावर मावशींनी ठरवलं, अरुणकाकांना एकट्याला गाठायचं. त्यांचं घर दोन सिग्नल पलीकडे. गाडीने चार मिनिटं. मावशींनी दार उघडलं तसं घर इंग्रजीत ओरडलं. दार उघडलं की अलार्ममधली बाई नेहमीच ओरडायची; मावशी दचकून एकदा आत आल्या, मग पदर खोचून पुन्हा बाहेर पडल्या. रस्त्याला चिटपाखरू नाही. पहिल्या सिग्नलनंतर पायवाट संपलीच. पुढे नुसतं गवत, आणि बाजूने सहा रांगांनी मोटारी वाहताहेत. गुडघे बोलत होते. एका पोरीने गाडी थांबवून काहीतरी विचारलं. मावशी "ओके, ओके" म्हणत पुढे झाल्या. डोंगरात रात्री जनावराची भीती असे, पण तिथे माणसाला चालायला वाट तरी होती.

"अहो कांचनबाई! चालत?" अरुणकाकांनी दार उघडताच हात धरून आत घेतलं. स्वतः चहा केला. त्यांची बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. चहा फार गोड झाला होता. मावशींनी सगळं नीट सांगितलं. भाऊ म्हणाला होता पोटात ठेव, आपण ठेवलं नाही. आता त्याची होळी जाईल, घर वाळीत पडेल. म्हणून उपास थांबवा, पत्रं थांबवा.

अरुणकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मनापासून पुसले, यात शंका नाही. "बाई, तुमचं आईसारखं काळीज आहे. पण विचार करा, त्याची होळी सुटली तर त्यात देवाचीच योजना नसेल कशावरून?"

"डॉक्टर, होळी सुटली तर तो मरेल."

"कुणी होळी सुटल्याने मरत नाही."

"तुम्ही भूल देत होता ना माणसांना?" मावशी म्हणाल्या. "देण्याआधी त्यांना विचारत होता की नाही?"

काका हसले. "सही घेत होतो."

"मग जात्र्याची सही कुठे आहे?"

काका कप फिरवत बसले. मग हलकेच म्हणाले, "थांबवतो हो उपास. पण प्रार्थना थांबवा असं मी लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि त्यांनी ऐकायला तर हवं." त्यांनी गाडीने मावशींना घरी सोडलं. वाटेत त्यांचा फोन तीनदा वाजला. फ्रीमाँटहून विचारत होते, जात्र्याभाऊंची काही बातमी?

त्या आठवड्यात जात्र्याने शनिवारची वाट पाहिली नाही. बुधवारीच खडकावर चढला. आवाज खोल गेलेला.

"पंचांनी सांगितलंय, भोंगऱ्याच्या बाजाराच्या आधी सोक्षमोक्ष करायचा." भोंगऱ्याचा बाजार म्हणजे होळीआधीचा मोठा बाजार, त्याला आता बाराच दिवस राहिले होते. "देवापुढे आण घ्यायची, की मी झोपडीत गेलो नव्हतो."

"मग घे ना आण! घे आणि सुटून जा!"

"खोटी?" जात्र्याने विचारलं. "माझी पोरगी उठून खेळायला लागली. मी कुणापुढे डोळे मिटले ते मला ठाऊक नाही. पण मिटले. आता खोटी आण घेतली आणि तिचा ताप परत आला तर?"

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पंचांना म्हटलं, बहिणीने काहीतरी बोलून टाकलंय, तिला विचारा. ते म्हणाले, तुझी बहीण तुला फोनवर काय हवं ते सांगेल. ज्या तोंडाने ही बातमी आली आणि ज्या लोकांतून आली, त्याच तोंडाने त्याच लोकांपुढे ती खोटी पडली तर मानू." मग तो म्हणाला, "रुमली, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. मी फक्त ते काय म्हणाले ते सांगितलं."

फोन ठेवल्यावर मावशी उठल्याच नाहीत. मंडळाला खरं पटलं होतं आणि ते खरंच होतं. ते खोटं आहे असं मराठीत सांगावं, तर कोणी मानणार नाही. म्हणतील, मावशी घाबरल्या, मावशींसाठी प्रार्थना करा. देवदत्त लिहिणार नाही. जात्र्या आण घेणार नाही. भाऊ खोटं बोलायला भितो आणि मुलगाही भितो, दोघेही देवालाच भिऊन. राहता राहिल्या त्या एकट्या.

गुरुवारी त्या जेवल्या नाहीत. शुक्रवारी रेणूने विचारलं, "आई, बरं नाही का? डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ?"

"नको. उद्या मंडळाला जायचंय."

"नाही गेलात तरी चालेल. मी देवला सांगते."

"जायचंय," मावशी म्हणाल्या. रेणू थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून राहिली. उठताना त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली.

शनिवारी खोली भरलेली होती. फ्रीमाँटची आणि ॲन आर्बरची मंडळी समोरच्या स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत बसली होती. एकेकाने प्रार्थना केली. शेवटी अरुणकाका म्हणाले, "कांचनबाई, आज तुमच्या भाषेत, तुमच्या भावासाठी." चारपाच जणांनी फोन उभे धरले. मावशींची पावरी प्रार्थना रेकॉर्ड करून पाठवायची हे आता ठरूनच गेलं होतं.

मावशी उभ्या राहिल्या. एरवी त्या डोळे मिटायच्या. आज उघडे ठेवले, आणि फोनच्या काळ्या भिंगाकडे बघून पावरीत बोलू लागल्या.

"मी रुमली, भुरीमाळच्या वरच्या पाड्यावरच्या दिवाल्या पुजाऱ्याची पोरगी. जे ऐकताहेत त्यांनी ऐका. माझ्या भावाने मला काही सांगितलं नाही. पोरीला ताप होता, तिची आई तिला घेऊन गेली. जात्र्या गेला नाही. मी इथे लांब एकटी बसते. माझा भाऊ माझ्या देवाच्या घरी यावा असा मला लोभ सुटला, म्हणून मी या लोकांपुढे गोष्ट रचली. हे भले लोक आहेत, यांनी माझ्यावर विश्वास टाकला. होळी जात्र्याची आहे, त्याच्या हातून काढू नका. काढायचं असेल तर माझं नाव गावातून काढा."

मग त्यांनी डोळे मिटले.

"देवा, मी खोटं बोलले. कुठलं खोटं ते तुला माहीत आहे. माझ्या तोंडावर मार. त्याच्या पोरीला हात लावू नको."

अरुणकाका म्हणाले, "आमेन." स्क्रीनवरचे सगळे चौकोन आमेन म्हणाले. समोरची बाई हुंदके देत होती. मावशी घरी पोचायच्या आत ती प्रार्थना फ्रीमाँटहून नंदुरबारला निघून गेली होती.

मंगळवारी रात्रीचं जेवण चाललेलं असताना प्रल्हादचा फोन आला. पलीकडे बुधवारची सकाळ. देवदत्तने फोन स्पीकरवर टाकला.

"सलाम मावशी," प्रल्हाद म्हणाला. तो अकरा वर्षं त्या डोंगरात राहिलेला. पावरी त्याला पुरती येत होती. "शिंप्याच्या दुकानात पंचांनी तुमचं ऐकलं. तीनदा लावलं. मला बोलावलं आणि विचारलं, बाई हेच म्हणते ना? मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत तेच ती म्हणाली. याहून जास्त मी काही बोललो नाही."

देवदत्तने चमचा खाली ठेवला. "काय म्हणाली? प्रल्हाद, आई काय म्हणाली?"

प्रल्हाद म्हणाला, "मावशी, मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगते मागून. तू पुढे बोल. जात्र्याचं काय?"

"होळी त्याच्याकडेच राहिली. भोंगऱ्याला ढोल घेऊन उतरेल. पण पंच म्हणाले, जी बहीण घरावर असली गोष्ट रचते तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही. फोन दिसला तर बघून घेऊ. जात्र्याने मान हलवली. काय करणार तो?" प्रल्हादचा आवाज खाली आला. "मी भेटलो त्याला नदीवर. काही बोलला नाही. फक्त विचारलं, ती जेवते का?"

फोन बंद झाला. मावशींनी मुलाला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, मराठीत. रेणूने तोंडावर हात ठेवला. देवदत्तने ताट बाजूला सारलं.

"आई, प्रार्थनेत खोटं बोललीस?"

"हो."

"सगळ्यांपुढे? देवापुढे?"

"प्रार्थनेत खरं बोलले होते, तेव्हा काय झालं ते तू बघितलंस."

देवदत्त म्हणाला, "मला मंडळाला सांगायला हवं. मी सेक्रेटरी आहे. त्यांनी त्या रेकॉर्डिंगवर..."

"सांग," मावशी म्हणाल्या. "तू सांगशील, त्यातला एक जण प्रार्थना करेल, दुसरा पाठवून देईल. आठ दिवस लागतात. होळीला नऊ दिवस आहेत."

देवदत्त उठला, सिंकपाशी गेला, नळ सोडून तसाच उभा राहिला. त्याच्या बोलण्याला आता कुठूनच वाट नव्हती हे त्यालाही कळलं होतं. तो पाठमोराच म्हणाला, "म्हणजे मी पण आता आत आलो. तुझ्याबरोबर."

"ये," मावशी म्हणाल्या. "मी एकटीच होते."

पुढच्या शनिवारी सकाळी त्या सातला खिडकीशी बसल्या नाहीत. अंथरुणातच पडून राहिल्या आणि फ्रीजचा आवाज ऐकत राहिल्या. आठ वाजता रेणू चहा घेऊन आली, तरी तो विषय कुणी काढला नाही.

दुपारी चारला मंडळ भरलं. देवदत्तने या महिन्याचं पत्र आणलं होतं. त्यात एका बेटावरच्या मंडळीची बातमी होती, एका नवीन भाषांतराची होती. भुरीमाळचं नाव नव्हतं. कुणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिथून सध्या अपडेट नाही," आणि पान उलटलं. त्याचा आवाज इतका सपाट होता की मावशींनाच त्याची दया आली.

अरुणकाकांनी विनंत्या विचारल्या. एकाची व्हिसाची तारीख, एकीच्या वडिलांचं ऑपरेशन. मग ते वाकून, फार हळुवारपणे म्हणाले, "आणि कांचनबाई, आपल्या जात्र्याभाऊंसाठी? आज काय मागायचं?"

सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे वळले. दोघांनी सवयीने फोन उचलले.

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "तो बरा आहे."

त्यांनी हात मांडीवर ठेवले, आणि शेजारच्या बाईच्या वडिलांसाठी सगळ्यांबरोबर डोळे मिटले.